टोपी काढून फोटो पाठवा

आणि वर गिऱ्हाइकांच्या शिव्या आम्हालाच, बरं का! "पैसे भरताना कोण तू म्हणून विचारलं नाहीत, काढताना मात्र थोबाड दाखवा!" अहो, ऑनलाइन कसिनो झाला म्हणून काय झालं, कायदा आहे ना? इथे माल्टात बसून आम्ही दिवसभर तेच करतो... ओळखपत्राच्या कार्डावरचा चेहरा बघायचा, फोटोतला बघायचा, जुळला की पुढचा! कोण कशाला खेळतो ते विचारायचं नाही, बाहेर बोलायचं तर मुळीच नाही. आपल्याला काय करायचंय?

तर तुम्हाला सांगते, मी जीझा, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर सायमी. फिनलंडची पोरगी, तिकडची गिऱ्हाइकं तीच बघते. बोलणं इतकं कमी, की मी गरम पास्तिझी, म्हणजे आमच्याकडची चीजची करंजी हो, पुढे केली तर अर्धी खाणार, अर्धी कागदात गुंडाळून ठेवणार, आणि संपलं! एक दिवस पडद्यावर कार्ड उघडलं आणि ही दगडासारखी बसून. "काय झालं गं?" "जीझा... हे माझे बाबा."

बाबा! ओस्मो त्यांचं नाव. हिच्या आईच्या अंत्यविधीच्या दिवशी पिऊन घरी पडून राहिले, आलेच नाहीत, म्हणून हिनं "पुन्हा माझ्याशी बोलू नका" असं फोनवर तोडून टाकलं, ते तुटलंच. आता नियम काय? नात्यातलं माणूस निघालं की फाइल दुसऱ्याकडे द्यायची. म्हटलं, दे इकडे. देईल तर शपथ!

फोटोत म्हातारा लोकरीची टोपी घालून बसलेला. हिनं लिहिलं, "टोपी काढून फोटो पाठवा." दुसरा आला, तर टोपीखाली केसच नाहीत! ही बघत बसली... बघत बसली... आणि लिहिलं, "फोटो अस्पष्ट आहे." अस्पष्ट? अहो, म्हाताऱ्याच्या नाकावरचा तीळ मला माझ्या खुर्चीतून दिसत होता! पुढचा आला, दाढी करून, हनुवटीला कापलेलं. "उजेड कमी आहे." मग तो बिचारा खिडकीत जाऊन उभा, मागे बर्फ, डोळे मिचमिचे. "चष्मा काढा." म्हटलं, सायमे, जुळतंय की गं! तर म्हणते, "पास केलं की फाइल बंद होते, जीझा."

आपल्याला काय करायचंय?

आमची खरी नावं गिऱ्हाइकाला कळत नाहीत, ही तिथे 'मारिया'. शेवटी म्हाताऱ्यानं लिहिलं, ते तिनंच मला वाचून दाखवलं, "मारियाबाई, रागावू नका, हात थरथरतो हो माझा." हिनं विचारलं (काही गरज होती का विचारायची?) "मदतीला घरात कुणी नाही?" "मुलगी आहे. हुशार आहे, तिला हे सगळं येतं. पण लांब असते. कामात असते."

कामात! ही टेबलाखाली डोकं घालून रडतेय, आणि तिकडे म्हातारा मारियाच्या उत्तराची वाट बघतोय...

तेवढ्यात आमचा साहेब, हेनिंग. "काचेसारखे स्वच्छ फोटो, आणि नापास का?" म्हटलं, तिला ताप आहे, मी बघते. काय बघायचं होतं? एक बटण दाबलं, पास, फाइल बंद... गेला म्हातारा पडद्यावरून.

संध्याकाळी समुद्राकाठच्या बाकावर बसून तिनं फोन लावला. नंबर फाइलमधून चोरला नाही हं, पाठच होता! भाषा मला कळत नाही, शब्द तिनं मागाहून सांगितले, पण तोंड बघून कळतं की माणसाला. "बाबा, मी सायमी," म्हणाली. तर पलीकडून अगदी सभ्यपणे, "बाई, फसवणारे हल्ली मुलींचे आवाज काढतात, रेडिओवर सांगितलंय."

"बाबा, खरंच मी!"

"नाही हो. सायमी माझ्याशी बोलत नाही."

आणि ठेवला फोन.

मला वाटलं आता ही कोसळते. तर बाहीनं नाक पुसलं, आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "बरोबर आहे गं त्यांचं. त्यांच्या जागी मी असते तर मीही नापासच केलं असतं."