काचेत दोष आहे

मला एक सांगा, तुम्ही कधी मान खाली घालून समोरचं बघितलंय का? नाही, हसू नका, मी गंमत म्हणून विचारत नाहीये... आमच्या दादाने बघितलं, आणि त्या बघण्यापायी आमची आई, बिचारी गुडघे धरून चालणारी, नेमकी तिथे जाऊन बसली जिथे माणूस वैऱ्यालाही बसवणार नाही! आणि बसवली कोणी? पोटच्या पोराने! मायेने! उशी-पांघरुणासकट!

आता दोष कोणाचा? दादाला विचारा. त्याचं उत्तर ठरलेलं. "काचेत दोष आहे."

थांबा, कुठली काच ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कुठून सुरू झाली आणि कुठे निघाली. दादाने एक जुना कॅमेरा आणला. रीळ घालायचा, विटेएवढा जड, आपल्या आजोबांच्या वयाचा. बरं, नुसता कॅमेरा असता तर एकदा कपाटात गेला असता आणि वहिनी सुटली असती. पण ह्या कॅमेऱ्याची टोपी निघते! ज्यातून बघायचं ना, तो वरचा भाग, तो अख्खा उचलून दुसरा बसवता येतो. एक टोपी अशी की डोळा लावून सरळ बघायचं, चारचौघांसारखं. आणि दुसरी अशी की कॅमेरा पोटाशी धरायचा आणि विहिरीत वाकल्यासारखं वरून आत बघायचं. त्यात चित्र दिसतं सुंदर, मी बघितलंय, पण उलटं. म्हणजे डोकं खाली नाही हो, डावं ते उजवं आणि उजवं ते डावं, आरशात दिसतं तसं. मूल डावीकडे पळालं की दादा उजवीकडे वळणार! एका बारशाला... जाऊ दे, ते पुन्हा कधीतरी.

आणि टोपीच्या खाली असते काच. चित्र उमटतं ते ह्या काचेवर. तीसुद्धा बदलायची! एक साधी, एक मधोमध गोल असलेली, आणि एक चौकटीची, गणिताच्या वहीसारख्या उभ्या-आडव्या रेघा आखलेली, म्हणजे इमारतींचे फोटो तिरके येऊ नयेत. ती काच बदलायची म्हणजे घरात शस्त्रक्रिया! "पंखा बंद! खिडकी लावा! कोणी शिंकू नका!" कोणी शिंकू नका म्हटलं की आमच्या आईला शिंक येणारच, ती काय हुकमाची वाट बघत बसते? दादा चिमटा हातात धरून श्वास रोखून उभा, वहिनी घामाने निथळतेय, गॅसवर भाजी लागतेय, आणि एवढं करून काचेवर एक केस राहिलाच. हा कॅमेरा वहिनीवर रोखून म्हणतो, "अगं, तुझ्या कपाळावर केस आलाय." वहिनीने पुसलं. "अजून आहे." पुन्हा पुसलं. कपाळ लाल झालं तेव्हा ह्याच्या लक्षात आलं की केस काचेवर आहे. वर म्हणतो, "काळजी करू नकोस, तो फोटोत येत नाही." वहिनी म्हणाली, "केस येत नाही, पण लाल कपाळ येईल ना?" तर हा काय म्हणाला असेल? बरोबर. "काचेत दोष आहे."

वहिनी तशी शांत. तुम्ही तिला भेटलात तर म्हणाल, ही कधी आवाज चढवत असेल का? नाही चढवत. ती बघत राहते. आणि त्या दिवसांत ती काय बघत होती माहितेय? वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज बारीक लाल पूड. झटकली की जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पांढऱ्या चादरीवर तर अशी, जशी कोणी वरून हळूच चिमूट सोडतंय... तिने वर बघितलं. वर टाकी.

घराचं मागचं अंगण डोळ्यासमोर आणा, म्हणजे पुढचं कळेल. मागच्या दारात उभं राहिलं की समोर विटांच्या खांबांवर जुनी पाण्याची टाकी. वहिनीच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बांधून घेतलेली, दोन पुरुष उंच. तिच्या डाव्या हाताला आईची खोली, उजव्या हाताला दादाची डार्करूम, तो फोटो धुतो ना, ती. डावीकडे आई, उजवीकडे डार्करूम, मधे टाकी. एवढं लक्षात ठेवा. दादाने एवढंच लक्षात ठेवलं असतं तर आज मी तुमच्यासमोर काहीतरी आनंदाचं बोलत असते.

तर दादाने चौकटीची काच बसवली, सरळ बघायची टोपी लावली, दारात तीन पायांचं तिकाटणं मांडलं आणि टाकीवर कॅमेरा रोखला. का टाकी? तर म्हणे रेघा तपासायला सरळ उभं काहीतरी पाहिजे. बघतो तर टाकी रेघेला धरून नाही! बोटभर उजवीकडे. आता तुम्ही असता, मी असते, एखादं शेंबडं पोर असतं, तर काय म्हणालं असतं? टाकी कललीय! दादा काय म्हणाला?

"काचेत दोष आहे!"

ती काच काढली, दुसरी चौकटीची काच कुठूनशी मिळवली. पंखा बंद, खिडकी बंद, आईची शिंक. पुन्हा बोटभर उजवीकडे. "हिच्यातही दोष आहे!" वहिनी दारात तांदूळ निवडत होती, तिने विचारलं, "अहो, दोन काचा मिळून एकच खोटं कशाला बोलतील?" तर तो विचारात पडला. मला वाटलं, चला, पडला प्रकाश. कुठला! म्हणतो, "खरंय तुझं. म्हणजे टोपीत दोष आहे." आणि ती सरळ बघायची, एकुलती एक शहाणी टोपी उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेऊन दिली! जो खरं बोलत होता त्यालाच दवाखान्यात भरती केलं, समजलं ना? घरात उरली ती विहिरीवाली. उलटी.

तिकडे अंगणात चादरीवरची पूड वाढत होती. आई म्हणायची, "सूनबाई, टाकीवर हल्ली पाखरू बसत नाही गं." सहज म्हणायची हो, शेंगा सोलता सोलता. वहिनीच्या हातातलं काम थांबायचं. ती म्हणते, ताई, दुपारी सगळं सामसूम झालं की टाकीतून आवाज यायचा, कोणी दातावर दात घासावेत तसा. ती बाहेर जाऊन उभी राहिली की बंद. आत आली की पुन्हा... दादाला सांगितलं तर म्हणाला, पाईपात हवा असेल.

मग दादा उलटी टोपी आणि चौकटीची काच घेऊन गावभर हिंडला. दोष सिद्ध करायचा होता ना! शाळेच्या दारात उभा राहिला, खांब सरळ. बँकेपुढे उभा राहिला, तिथला पहारेकरी म्हणाला, "काका, पोटात दुखतंय का?" कारण हा मान खाली घालून कॅमेरा पोटाशी धरून उभा! बँक सरळ. दवाखाना सरळ. विजेचे खांब, गिरणीची चिमणी, चौकातलं घड्याळ, सगळं रेघेवर रेघ! हा घरी आला तो उड्या मारत, "अगं, काच उत्तम आहे! काचेत काही म्हणजे काही दोष नाही! अख्खं गाव सरळ आहे!"

वहिनी त्याला वाढत होती. ती म्हणाली, "मग वाकडं काय आहे?"

तुम्हाला सांगते, तो घास तसाच राहिला. हातातही नाही, तोंडातही नाही, मधेच. आणि मागून, अंगणातून, तो आवाज. दातावर दात.

दादा उठला. खरकट्या हाताने कॅमेरा उचलला, ज्या कॅमेऱ्याला आम्हाला हात धुऊनही शिवू देत नाही तो! मागच्या दारात उभा राहिला, मान खाली घातली, विहिरीत बघितलं आणि किंचाळला, "डावीकडे! टाकी डावीकडे कललीय! डावीकडे आई आहे!"

आता तुम्ही म्हणाल, अहो पण ती टोपी उलटी ना? डावं ते उजवं ना? आधीची टोपी तर उजवीकडे सांगत होती ना? हो! तुम्हाला कळलं! मलाही कळतंय, आत्ता, इथे बसून! पण आईचं नाव आलं की माणसाचं डोकं जागेवर राहतं का? सगळ्या नातेवाइकांना धरून धरून त्यानेच शिकवलेलं होतं, ह्यात डावं ते उजवं दिसतं, आणि नेमक्या वेळेला गुरुजीच पाठ विसरले. गवंड्याला फोन केला, तो म्हणाला, परवा येतो, तोवर टाकीच्या कलत्या बाजूला कोणी फिरकू नका. टाकी रिकामी करायला गेला तर खालची चावी गंजून बसलेली, आणि घरातले नळ सोडले तर त्यातून येते करंगळीएवढी धार.

मग दादाने काय करावं? आपली डार्करूम रिकामी केली. माझा दादा तसा मनाने सोन्यासारखा आहे हो, ते मी कधी नाकारलं नाही. त्या डार्करूममध्ये तो वहिनीला केर काढायलाही जाऊ देत नाही, आणि आईसाठी त्याने एका सकाळीत सगळ्या बाटल्या, ट्रे, लाल दिवा बाहेर काढला, आईची खाट उचलली, गादी, उशी, देवाची तसबीर, पाण्याचा तांब्या, सगळं आत मांडलं. वहिनीनेही दुसरीकडून खाट धरली. तिलाही वाटलं, डावीकडे म्हणतायत तर डावीकडे असेल. आई नाक मुरडतेय, "कसला हा वास! लोणचं खराब झाल्यासारखा!" दादा म्हणतो, "राहू दे गं आई, इथे तू सुखरूप आहेस." सुखरूप!

आणि सुखरूप केल्याच्या आनंदात म्हणतो, आई, दारात बस, तुझा एक फोटो काढतो. आई बसली डार्करूमच्या उंबऱ्यावर, पदर नीट केला, गुडघ्यावर हात. दादाने कॅमेरा मागच्या दारात मांडला, पुढे जाऊन आईच्या डोक्यावरचा पदर सारखा करायला लागला आणि वहिनीला म्हणाला, "तू जरा बघ गं, चौकटीत बसतेय का."

वहिनीने वाकून बघितलं.

ती सांगते, ताई, आधी मला आई दिसल्या. काचेवर, एवढ्याशा, डाव्या हाताला. छान दिसत होत्या. मग मधे टाकी दिसली. रेघेपासून सुटलेली, डावीकडे. आईंच्या अंगावर. म्हणजे कोणी मोठं माणूस कान देऊन ऐकायला वाकतं ना, तशी ती आईंवर वाकलेली होती... वहिनीने मान वर केली. आई उजवीकडे. मान खाली घातली. आई डावीकडे. टाकी आईंकडे. वर बघा, खाली बघा, डावं बदलत होतं, उजवं बदलत होतं, एक गोष्ट बदलत नव्हती, टाकी आईंकडेच! आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात आलं की टाकीचा खांब आणि डार्करूमची भिंत ह्यांच्यामधली कपडे वाळत घालायची दोरी आपण महिनाभर पुन्हा पुन्हा ताणून बांधतोय. दोरी सैल का होत होती? दोरी वाढत नसते. दोन टोकं जवळ येत होती!

ती ओरडली नाही. ओरडली असती तर आई घाबरून तिथेच बसली असती. तिने नेहमीच्या आवाजात हाक मारली, "आई, उठा बरं. चहा झालाय."

"आत्ताच तर बसले गं! फोटो?"

"फोटो नंतर. चहा निवतोय."

दादा चिडला, "अगं, उजेड जातोय! काय चाललंय तुझं?" वहिनी पुढे गेली, आईला काखेत हात घालून उठवलं, आई कुरकुरतेय, चप्पल राहिली म्हणतेय, "चप्पल मी आणते, तुम्ही चला," आणि चालवत, जवळजवळ उचलत, घरातून आरपार रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत नेऊन बसवलं. आणि मग परत मागच्या दाराशी येऊन, हळू आवाजात, नवऱ्याला म्हणाली, "अहो, मान वर करून बघा."

दादाने वर बघितलं. खाली बघितलं. पुन्हा वर. त्याचा चेहरा असा उतरला म्हणे, की वहिनीलाच दया आली. त्याने तोंड उघडलं, "काचेत..." आणि पुढचं आलंच नाही.

आईने मात्र घर डोक्यावर घेतलं! "सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, आता तिसरीकडे! मी काय तुमच्या कॅमेऱ्याची टोपी आहे, काढली की बसवली?" आणि चहा कुठाय म्हणून विचारलं, तर चहा झालेलाच नव्हता. मग वहिनीने तो केला, आणि तेव्हा तिच्या हातून कपबशी फुटली, आणि आई म्हणाली, "सूनबाई, तुझं हल्ली लक्ष कुठे असतं गं?"

वहिनीने काचा गोळा केल्या. मागच्या दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी पडली, डार्करूमचं छप्पर फोडून सरळ खाटेवर, आणि सगळं अंगण पाण्याने भरून वाहत असताना आई पुढच्या खोलीत उठून बसली आणि म्हणाली, "आज नळाला पाणी लवकर आलं वाटतं."