हवेतला डोंगर

“कुणाला पटायचं न्हाय बाई, पण आपला डोंगर मी उडताना बघितलाय. ह्यो बघा फोटो!”

कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत मी फोटोंची वाट बघत बसलो होतो. शेजारी गारगोटीकडचे ज्ञानूतात्या आणि त्यांच्याच गावच्या शाळेतल्या संघप्रियाबाई.

“आगं बया! हे काळं काळं सगळं दगड हायत व्हय?”

“एकेक म्हशीएवढा! आपोआप उडालं, देवाशपथ. मी वैरण घिऊन चाललेलो, कॅमेरा पिशवीत होता, म्हणून घावलं.”

“तात्या, त्या डोंगराच्या पायथ्याला आमचा झरा होता. महिना झाला, थेंब न्हाय. पोरं तहानलेली वर्गात बसत्यात.”

“डोंगरच ऱ्हायला न्हाय, तर झरा कुठनं ऱ्हाणार? मला बी वाईट वाटतंय की.”

“खाणवाल्यांनी सुरुंग लावला म्हणत्यात.”

“मला काय ठावं? मी आपला वाटंनं चाललेलो.”

“दगड हवेत किती वेळ ऱ्हातोय, तात्या?”

“पापणी लवायच्या आत खाली!”

“आन् तेवढ्यात तुम्ही वैरण ठेवली, पिशवी उघडली, कॅमेरा डोळ्याला लावला? खोटं बोलताय तुम्ही! सुरुंग कवा उडणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं!”