सासूबाईंचं इंजिन

मोनिक : आईला तू नक्की काय सांगितलंस?

वेंडल : गाडीचं ऑइल बदलतो म्हणालो. थंडी कडाक्याची आहे, जुनं ऑइल गोठतं वगैरे.

मोनिक : खोटं सांगितलंस.

वेंडल : खोटं कुठे? ऑइल काढलंच आहे मी. इंजिनासकट.

मोनिक : वेंडल, माझ्या आईचं इंजिन आत्ता आपल्या रॅलीच्या गाडीत आहे.

वेंडल : आणि काय सुरेख बसलंय, बघ तरी. तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच टर्बो. दोन गाड्यांत फरक एवढाच, की तिच्या आरशाला जपमाळ लटकते.

मोनिक : आपलं इंजिन खरंच दुरुस्त होण्यासारखं नव्हतं?

वेंडल : टर्बोचं चाक तुटून त्याचे तुकडे आत गेले. पिस्टनवर असे ओरखडे, जसं काही आत मांजर कोंडलं होतं. ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी थांबवायची असते, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं का?

मोनिक : दिवा लागला तेव्हा मी वळणात होते.

वेंडल : आणि वळण संपल्यावर?

मोनिक : पुढचं वळण आलं.

वेंडल : बरोबर. म्हणून मी सासूबाईंच्या गाडीला हात घातला. नवं इंजिन यायला महिना लागणार, बँगोरच्या भंगारवाल्याकडे होतं ते परवाच कुणी उचललं. आणि शनिवारची रॅली तू पुरी केलीस, नुसती पुरी केलीस तरी सगळ्या रॅलींचे गुण मिळून या वर्षीचा पहिला नंबर आपला. सोमवारी हे इंजिन परत तिच्या गाडीत. तिला पत्ताही लागणार नाही.

मोनिक : बॉनेट लाव.

वेंडल : आपलं?

मोनिक : तिचं. ती बघ, फादरच्या गाडीतून उतरतेय.

लुसिल : काय हो, ऑइल विहिरीतून काढून आणताय का? दोन दिवस झाले.

वेंडल : या, आई, या. जपून, बर्फ आहे तिथे.

लुसिल : आई? लग्न झाल्यापासून तू मला लुसिल म्हणतोस. काय मोडलंस?

वेंडल : काही नाही. असंच, प्रेमाने.

लुसिल : हं. किल्ली दे. संध्याकाळी चर्चमध्ये बिंगोचा खेळ आहे, मला लवकर जागा धरायची आहे.

मोनिक : आई, मी सोडते ना तुला.

लुसिल : तुझ्या गाडीत मागची सीट नाही, पुढच्या सीटला पट्टे आहेत वेड्याला बांधतात तसे, आणि कपडे धुऊनही पेट्रोलचा वास जात नाही. माझी गाडी बरी. दे किल्ली. हं, फिरवली. वेंडल, ही काही आवाज करत नाही.

वेंडल : ऑइल बदललं की शांत होते गाडी.

लुसिल : इतकी?

वेंडल : चांगल्या प्रतीचं ऑइल आहे.

लुसिल : बॉनेट उघडते जरा.

मोनिक : आई, थांब.

लुसिल : ...वेंडल.

वेंडल : हां, आई.

लुसिल : मला बॉनेटमधून तुझ्या शेडची फरशी दिसतेय.

वेंडल : हो.

लुसिल : फरशी झाडली नाहीस कितीतरी दिवस.

मोनिक : आई, चूक माझी आहे. इंजिन मी फोडलं. हा फक्त—

लुसिल : चोर.

वेंडल : उसनं घेतलंय मी.

लुसिल : उसनं मागून घेतात. साखर संपली तर तू माझ्या घरात खिडकीतून शिरतोस का?

वेंडल : मागितलं असतं तर दिलं असतंत तुम्ही?

लुसिल : नाही.

वेंडल : मग?

लुसिल : मग काय? माझ्या गाडीचं पोट रिकामं करून वर मलाच विचारतोस, मग? आणि कशासाठी, तर ही पोरगी जंगलातल्या बर्फात झाडांच्या मधून सुसाट जाणार. त्याला माझं इंजिन लागतं.

मोनिक : तू एकदा बघायला आलीस तर कळेल तुला. सगळ्यांच्या आया येतात. बर्निस नुसती माझ्या शेजारी बसून नकाशा वाचते, तरी तिची आई फलक घेऊन उभी असते.

लुसिल : बर्निसच्या आईचा नवरा बँकेत होता. पाचला घरी यायचा.

मोनिक : त्याचा काय संबंध?

लुसिल : तुझा बाप लाकडाचा ट्रक चालवायचा. हाच रस्ता, हाच बर्फ. मी स्वयंपाक करून खिडकीत बसायची. चढावर ट्रक आला की गिअर बदलल्याचा आवाज यायचा, मग मी टेबलावर ताट मांडायची. तो निवृत्त झाला त्या दिवशी मी म्हटलं, सुटले. आणि तू शर्यतीत गाडी पळवायला लागलीस.

मोनिक : हे कधी बोलली नाहीस तू.

लुसिल : तू कधी थांबलीस ऐकायला? तुला पुढचं वळण असतं.

वेंडल : मी इंजिन काढतो परत. रात्रभरात बसवून देतो तुमच्या गाडीत. खरंच.

मोनिक : हो, आई. काढू दे त्याला.

लुसिल : हात लावू नकोस. बसवलंयस ना नीट?

वेंडल : प्रत्येक बोल्ट दोनदा तपासलाय.

लुसिल : मग राहू दे. सोमवारी मला परत हवं, पुसून. रविवारी तू मला तुझ्या ट्रकमधून चर्चला नेशील. आणि बाहेर बसून रेडिओ ऐकायचा नाही. आत यायचं. गाणी म्हणायची.

वेंडल : तुमच्या चर्चमधली गाणी फ्रेंच असतात. मला फ्रेंच येत नाही.

लुसिल : ओठ हलव. आणि शनिवारी मी येणार आहे.

मोनिक : बघायला? मला?

लुसिल : इंजिन बघायला. माझी वस्तू आहे.

(शनिवार. जंगलातलं एक वळण. बर्फाच्या ढिगाऱ्यामागे लुसिल आणि वेंडल.)

वेंडल : आली बघा, आवाज येतोय.

लुसिल : ही नाही.

वेंडल : कशावरून?

लुसिल : माझं इंजिन चढावर असं खोकत नाही.

वेंडल : ...खरंच. निळी गाडी आहे. लुसिल, खुर्ची उघडू का?

लुसिल : नको. अजून किती?

वेंडल : दर मिनिटाला एक गाडी सोडतात. आता तिचीच.

लुसिल : मिनिट होऊन गेलं.

वेंडल : अजून नाही.

लुसिल : झालं. तू कशाला गप्प बसलास? बोल काहीतरी.

वेंडल : काय बोलू?

लुसिल : थांब. बोलू नकोस. ही. हीच.

वेंडल : मला तर काहीच—

लुसिल : ऐक. गिअर टाकला तिने. आता चढ संपला. मागे हो, वेंडल, मूर्खा, मागे हो.

वेंडल : गेली. बघितलंत? काय घेतलं वळण.

लुसिल : गाडी आडवी का गेली?

वेंडल : बर्फात अशीच वळवायची असते.

लुसिल : चर्चला जाताना ती कधी आडवी गेली नाही.

वेंडल : लुसिल, हे शेवटचं अवघड वळण होतं. आता सरळ रस्ता. ती पोचली म्हणून समजा.

लुसिल : मी काही समजत नाही. तिच्याकडे चल.

(रॅलीची शेवटची रेषा. मोनिक गाडीतून उतरलेली.)

मोनिक : आई. कुठे उभी होतीस? मला दिसली नाहीस.

लुसिल : रस्त्याकडे बघायचं असतं. मला काय शोधतेस?

वेंडल : कितवा नंबर?

मोनिक : पाचवा. पण पुरी केली. झालं, वेंडल. वर्षाचा पहिला नंबर आपला. आई, इंजिन एकदाही कुरकुरलं नाही.

लुसिल : माझं आहे ते.

मोनिक : तू माझा हात का सोडत नाहीयेस?

लुसिल : थंडी आहे.

मोनिक : तुला तर कधीच थंडी वाजत नाही.

लुसिल : आज वाजतेय. वेंडल, तो डबा उघड. रस्सा आहे कोंबडीचा, गरम आहे तोवर तिला वाढ.

मोनिक : आधी तू घे, आई.

लुसिल : तू बस. मी बघते तुला जेवताना.