टॅक्सी जाण्याच्या भीतीपायी

परळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ललिताबाई आपल्या नंबरची वाट बघत होत्या. शेजारी लालबागचे भाऊ-बहीण बसले होते, दोघांनाही काचबिंदू.

"मालन, तुझं लेझर कसलं होतं गं?"

"बुबुळाला बारीक छिद्र पाडलं, आत पाणी तुंबू नये म्हणून. तुझं?"

"डोळ्यात पाणी जिथे तयार होतं तिथेच लेझर मारणार, डोळ्याचं प्रेशर उतरवायला. नुसत्या छिद्राने भागायची वेळ गेली म्हणाले."

"मग दिसेल ना नीट?"

"गेलेलं परत येत नाही. आहे तेवढं टिकवायचं."

"माझं झालं तेव्हाच सांगितलेलं ना दादा, तूही तपासून घे."

"तपासलं असतं तर डॉक्टरांनी टॅक्सी चालवणं सोडायला लावलं असतं. घाबरलो गं."

"तेव्हाच कळलं असतं तर टॅक्सी राहिली असती."

"ते आता कळून काय."

नर्सने दौलत म्हणून हाक मारली.

"हात दे, दादा."

"राहू दे. समोरचं दिसतं मला."

तो उठून वळला आणि ललिताबाईंच्या खुर्चीवर आदळला.

"माफ करा हं बाई. तुम्ही दिसला नाहीत."

"मीच वाटेत बसलेय," ललिताबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकलेली खुर्ची त्यांनी उगाच मागे सारल्यासारखं केलं.