फ्लॅशशिवाय

ती: उलटं फिरवताय. मघापासून तिसऱ्यांदा.

तो: तुला काय माहीत?

ती: आवाजावरून. बसली असती तर टक् झालं असतं. नुसतीच खरखरतेय बिचारी.

तो: या कंपनीच्या लेन्स उलट्या दिशेने बसतात गं. तीस वर्षं हाताला एक वळण पडलंय, ते दोन दिवसांत कसं मोडणार? थांब... हां.

ती: ऐकलं. म्हणजे जुना कॅमेरा खरंच विकलात?

तो: कॅमेरा गेला, पाचही लेन्स गेल्या. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला चालत नाही.

ती: म्हणजे नुसता नवरा बदलून भागत नाही, अख्खं सासर बदलावं लागतं.

तो: अगदी तसंच.

ती: आणि ती लांबडी लेन्स? जिला तुम्ही उशाशी घेऊन झोपायचात?

तो: तीसुद्धा.

ती: अहो! माझ्याहून जास्त जीव होता तुमचा तिच्यावर.

तो: नव्हता. म्हणून तर विकली.

ती: पण कशासाठी? स्टुडिओत उजेडाला काय तोटा आहे?

तो: स्टुडिओसाठी नाही घेतला हा. या खोलीसाठी घेतला. तुझा फोटो काढायचाय.

ती: माझा? सहा वर्षं मी या जाड पडद्यांच्या आत बसलेय. उजेड डोळ्यावर आला की डोक्यात घण पडतात. आणि तुम्हाला फोटो सुचतायत!

तो: फ्लॅश नाही, दिवा नाही, काही नाही. जुन्या कॅमेऱ्याने दोनदा काढून बघितला होता, तू झोपलेली असताना. चेहऱ्याच्या जागी रवा सांडल्यासारखं झालं नुसतं.

ती: चोरून काढलात?

तो: चोरून. हा मात्र काळोखातलंसुद्धा वेचून घेतो. दुकानदाराने मला गोदामात नेलं, दार लावलं, दिवा घालवला, आणि यातून बघून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली.

ती: मी काय खोकं आहे? पन्नाशी उलटली माझी. बघून काय करणार आहात आता?

तो: मला तुझा चेहरा आठवेनासा झालाय.

ती: काय?

तो: खरं सांगतोय. डोळे मिटले की स्टुडिओतल्या भिंतीवरचा फोटो येतो, लग्नानंतरचा. तो मीच काढलाय, पण आता ती तू नाहीस. दवाखान्यात जातेस तेव्हा निम्मी काळ्या चष्म्यात, निम्मी ओढणीत. दिवसभर परक्या लोकांना म्हणतो, हनुवटी वर घ्या, इकडे बघा. आणि घरी येऊन एका आवाजाशी बोलत बसतो. मागच्या आठवड्यात तुझ्या भुवया कशा आहेत तेच आठवेना. भर रस्त्यात उभा राहिलो आठवत. मागून गाड्या बोंबलायला लागल्या.

ती: माझ्या भुवया?

तो: रागावलीस?

ती: नाही. काढा. कुठे बघू?

तो: कुठेही. बोलत राहा, म्हणजे तू कुठे आहेस ते कळेल. मागच्या पडद्याला काळी चिकटपट्टी लावलीय, उजेडाचा कणसुद्धा येणार नाही तुझ्याकडे. आता...

ती: आई गं!

तो: काय झालं?

ती: दिवा! नारिंगी दिवा! थेट डोळ्यांत!

तो: अरे देवा. फोकसचा दिवा. काळोख असला की अंतर मोजायला तो आपोआप लागतो. जुन्या कॅमेऱ्यातला कधीच बंद करून टाकला होता, मग असं काही असतं हेच विसरून गेलो. मागे पट्टी लावली आणि पुढे मशाल! गाढव आहे मी गाढव!

ती: ओरडू नका. आणखी ठणकतंय.

तो: ओला रुमाल आणू?

ती: आहे इथे.

तो: नको तो फोटो. उद्याच परत करतो हे लचांड.

ती: गप्प बसा जरा... हं. उतरतंय. आता बाहेर जा, तो दिवा बंद करा आणि या परत.

तो: नको गं.

ती: त्या लांबडीला घराबाहेर काढलंत आणि आता नको? जा म्हणते ना.

(तो बाहेर जाऊन येतो. दार लागतं, कडेला बोटभर फट उरते.)

ती: केलात बंद?

तो: केला. स्वतःच्या तोंडावर धरून तीनदा तपासला. पण मला काहीच दिसत नाहीये. कुठे आहेस तू?

ती: समोरच. जरा डावीकडून या, स्टूल आहे, गुडघा आपटेल. हां. बसा आता.

तो: कॅमेरा डोळ्याला लावतोय. तुला काही जाणवलं तर लगेच सांग.

ती: बरं... काढला का?... अहो?... गप्प का झालात? बिघडला की काय?

तो: दिसतेयस.

ती: काय दिसतं?

तो: तू! अगं, सगळी दिसतेयस. थांब, डोळ्यावरून काढला की काळाकुट्ट. लावला की तू. काढला, काळोख. लावला, तू! तीस वर्षं हाच धंदा करतोय, पण असं... असं काही असू शकतं? पडदे तेच, खोली तीच. उजेड होता म्हणजे इथे. माझ्याच डोळ्यांना पुरत नव्हता.

ती: नीट सांगा तरी, कशी दिसते?

तो: कानाजवळचे केस पांढरे झालेत. कपाळावर ही आठी नवीन आहे. आणि भुवया... डावी जरा वर. अशीच होती! अगदी अशीच होती गं!

ती: म्हातारी दिसतेय ना?

तो: दिसतेस. आणि इतकी सुंदर दिसतेस की बटण दाबायला हात धजत नाहीये.

ती: चला, काहीतरीच. दाबा.

तो: दाबलं. याचा आवाजच होत नाही. सात काढले. पण तू सरळ माझ्याकडे बघतेयस.

ती: मग कुणाकडे बघू?

तो: नाही, नेमकी माझ्याकडे. मी सरकलो की तुझे डोळे मागोमाग येतायत.

ती: आता ते तुमचे डोळे पुसा आधी. नव्या कॅमेऱ्यावर पाणी पडेल.

तो: तुला कसं कळलं?

ती: दिसतंय की.

तो: काय दिसतंय?

ती: तुम्ही.

तो: आत्ता? या काळोखात?

ती: आत्ता, काल, परवा. अहो, मी चोवीस तास इथे असते, डोळे सरावलेत माझे. आणि तुम्ही रोज याच स्टुलावर दाराशी बसता. फटीतला उजेड माझ्यापर्यंत पोचत नाही, पण तुमच्या तोंडावर येतो.

तो: रोज?

ती: रोज. दाढी केली नाहीत तर कळतं. माझ्या बहिणीचं कौतुक सांगायला लागले की जांभई देता, तीही कळते.

तो: आणि त्या दिवशी? दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आलो तेव्हा?

ती: "डॉक्टर म्हणाले, वर्षभरात पडदे उघडू." किती खणखणीत आवाज लावला होतात! आणि बोलून झाल्यावर तोंडात रुमाल कोंबलात.

तो: म्हणजे तुला तेव्हाच कळलं? की हे बरं होणारं नाही?

ती: तेव्हाच.

तो: तीन वर्षं झाली त्याला! आणि मला वाटत होतं, काळोख आहे तोवर सगळं लपतंय. बोलली का नाहीस?

ती: बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तोंड फिरवून बसला असता. मग दिवसभर मी वाट कशाची बघितली असती?