आर्मेनियन कवी आणि तीन शिट्ट्या

आमचा मिलिंद तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. इथे परदेशातल्या विद्यापीठात पीएचडीनंतरचं पोस्टडॉक करतो, चार वर्षं हॉस्टेलवर राहून हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊगल्लीत, जेवतोय. एका रविवारी बेडोक भागातल्या आमच्या फ्लॅटवर आम्हा पाच-सहा जणांना त्याने एका आर्मेनियन कवीच्या आयुष्यावरचा सिनेमा दाखवला. आधीच दम दिला, "यात कुणी बोलत नाही, फारसं हलतही नाही. तुम्हीही हलू नका."

अर्ध्या तासाने मला आठवलं, भाताचा कुकर लावायचा राहिलाय. आपला एखादा प्रसंग चुकायला नको म्हणून मी हळूच सिनेमा थांबवला आणि आत गेलो. तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करून बाहेर आलो, तर सगळे त्या थांबलेल्या कवीकडे एकटक बघत बसलेले. मी गुपचूप सिनेमा पुन्हा चालू केला.

संपला तेव्हा मिलिंदचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "तो मधला निश्चल प्रसंग बघितलात? आणि त्यात तीनदा येणारा आक्रोश? कवीचा आत्मा आहे रे तो."

बाकीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "मिलिंद, हात धुऊन ये. आत्म्यावर तूप वाढतो."