पप्पांचा फोन आणि निष्कर्ष

तुम्ही हसाल, पण लॉ सीईटीचं रिझनिंग मला खरं कळलं ते क्लासमध्ये नाही, आमच्या पेणकरपाड्याच्या घरात. सर रोज बजावायचे, "वाक्यात दिलंय तेवढंच खरं. मनाचं काही घालायचं नाही."

एका दुपारी शेजारीण धावत आली. "घोडबंदर रोड पे टेम्पो पलटी हुआ है!" माझे पप्पा त्याच रस्त्यावर टेम्पो चालवतात, आणि फोन उचलत नव्हते.

मी आईला म्हटलं, "टेम्पो उलटला म्हणजे पप्पांचाच उलटला, असं सिद्ध होत नाही."

"मग तू चपला का घालतेयस?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'पप्पा'.

"उचल ना!" आई म्हणाली. माझं बोटच पुढे होईना. फोन पप्पांचा आहे म्हणून बोलणारे पप्पाच असतील, असंही सिद्ध होत नव्हतं. पोलीससुद्धा असू शकतात.

शेवटी आईनेच फोन हिसकावला. "हॅलो" म्हणाली, पलीकडचं ऐकलं, आणि मग जी सुटली! "फोन कशाला दिलाय, पूजा करायला?"

असं आई फक्त पप्पांवरच ओरडते. मी निष्कर्ष काढला आणि चपलाही काढल्या.